टीव्हीचा पडदा संगणकाला जोडताना: अक्षर स्वच्छ दिसेपर्यंतची तयारी

घरातला मॉनिटर एके दिवशी बंद पडतो, दुरुस्तीचा खर्च नव्या मॉनिटरच्या किमतीजवळ जातो, आणि दिवाणखान्यातला टीव्ही मात्र दिवसातले कितीतरी तास नुसता बंद असतो. अशा वेळी संगणक टीव्हीलाच जोडावा, हा विचार सहज मनात येतो आणि तो योग्यही आहे. जोडणी अवघड नसते. केबल लावली, रिमोटवरून इनपुट बदलले की पाच मिनिटांत पडद्यावर विंडोज दिसू लागते. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच थांबतात. मग ‘टीव्हीवर अक्षरे पुसटच दिसतात’ असे म्हणून पुन्हा मॉनिटर घ्यायला निघतात.

मी घरी बसून मराठी मजकुराचे मुद्रितशोधन करते. माझा मॉनिटर गेला तेव्हा मी बत्तीस इंची टीव्ही जोडला आणि त्याच संध्याकाळी आठ पाने तपासून पाठवली. दुसऱ्या दिवशी ती छापील स्वरूपात पाहिली तेव्हा ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ तसाच राहिलेला होता आणि दोन ठिकाणी शिरोरेषेवरचा अनुस्वार निसटला होता. पडद्यावर ते मला दिसलेच नव्हते. देवनागरीत रफार, अनुस्वार, अर्धा र, उकार अशी अर्थ बदलणारी चिन्हे दोन-तीन चित्रबिंदूंच्या जागेत बसलेली असतात, त्यामुळे रोमन अक्षरांपेक्षा आपल्या लिपीला धूसर पडदा अधिक बाधतो. म्हणून चित्र दिसू लागले एवढ्यावर समाधान न मानता अक्षर स्वच्छ होईपर्यंत काय करावे, हे येथे क्रमाने लिहीत आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घेतली की पुढचे सगळे सोपे होते. मॉनिटरचे काम संगणकाकडून आलेले चित्र जसेच्या तसे दाखवणे एवढेच असते. टीव्ही मात्र आलेले चित्र सुधारून दाखवण्यासाठी बनवलेला असतो: तो कडा ठळक करतो, रंग गडद करतो, हालचाल गुळगुळीत करतो, चित्र किंचित मोठे करून काठ कापतो. मालिका किंवा क्रिकेटचा सामना पाहताना यातले काही बरे वाटते, पण अक्षराच्या बाबतीत यातली प्रत्येक सुधारणा बिघाड ठरते. टीव्हीची ही कारागिरी एकेक करून बंद करायची, हेच या साऱ्या खटाटोपाचे सूत्र आहे.

आधी टीव्हीचा अंदाज घ्यावा

टीव्हीचा आकार इंचांत सांगितला जातो, पण आपल्या कामासाठी त्या आकारात किती चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, बसवले आहेत हे अधिक महत्त्वाचे असते. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीचे पॅनेल, म्हणजे चित्र उमटते ती आतली पाटी, बहुधा १३६६ × ७६८ पिक्सेलचे असते, ‘फुल एचडी’चे १९२० × १०८० आणि ‘फोर-के’चे ३८४० × २१६०. बत्तीस इंची पडद्याची रुंदी सुमारे ७०८ मिलिमीटर भरते. तीत १३६६ पिक्सेल बसवले तर एकेक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा होतो. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरचा पिक्सेल त्याच्या जवळपास निम्मा, ०.२८ मिलिमीटरचा असतो. अक्षर एवढे वेगळे का दिसते, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

किती लांब बसावे हे ठरवण्यासाठी मी एक साधा हिशेब वापरते. पडद्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी, तिला आडव्या पिक्सेलच्या संख्येने भागावे आणि येणाऱ्या उत्तराला साडेतीनने गुणावे. जो आकडा येईल तितक्या मीटरवरून चांगल्या दृष्टीच्या माणसाला पिक्सेल सुटे दिसेनासे होतात. बत्तीस इंची एचडी रेडी टीव्हीसाठी हे अंतर १.८ मीटर येते, बत्तीस इंची फुल एचडीसाठी १.३ मीटर, आणि त्रेचाळीस इंची फोर-केसाठी जेमतेम ८७ सेंटिमीटर. या अंतराच्या दोन-तृतीयांश जवळ बसले तरी काम निभते, त्याहून जवळ मात्र अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. घरातले टेबल बहुधा ६० सेंटिमीटर खोल असते, हे लक्षात घेतले तर एचडी रेडी टीव्ही टेबलावर समोर ठेवून दिवसभर टंकलेखन करणे त्रासाचे का होते, हे सहज समजते. तोच टीव्ही समोरच्या भिंतीवर ठेवून मुलांना ऑनलाइन तासिका दाखवायची असेल, तर त्याच्याबद्दल काही तक्रार राहत नाही.

खोक्यावरच्या शब्दांवर विसंबू नये. माझ्या त्या पहिल्या टीव्हीच्या खोक्यावर ‘फुल एचडी सपोर्ट’ असे ठळक छापलेले होते. त्याचा खरा अर्थ एवढाच होता, की टीव्ही १०८० रेषांचा संकेत स्वीकारतो. आतले पॅनेल ७६८ रेषांचेच होते. संगणक अशा टीव्हीला १९२० × १०८० चे चित्र पाठवतो, टीव्ही ते आतल्या आत आक्रसून बसवतो, आणि त्या आक्रसण्यात अनुस्वार हरवतात. माहितीपत्रकात ‘पॅनेल रिझोल्यूशन’ किंवा ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या नावापुढे जो आकडा असेल तोच खरा धरावा.

जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांच्या कन्व्हर्टरमधून संगणक जोडता येतो, पण त्यावर मजकूर वाचता येण्याजोगा दिसत नाही. त्यासाठी पैसे घालवू नयेत.

केबल आणि पोर्ट

आज जवळपास प्रत्येक टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असते आणि बहुतेक लॅपटॉपांनाही. दोन्हीकडे ते असेल तर साधी एचडीएमआय केबल पुरते, आणि चित्राबरोबर आवाजही तिच्यातूनच जातो. डेस्कटॉप संगणकाला वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर केबल त्या कार्डाच्या पोर्टला लावावी. मदरबोर्डच्या पोर्टला लावून ‘नो सिग्नल’ पाहत बसणे ही फार नेहमीची चूक आहे.

पातळ लॅपटॉपांना फक्त यूएसबी-सी पोर्ट असते. तिथे अडॅप्टर घेण्याआधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ते पोर्ट ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ची, म्हणजे यूएसबी-सीमधून चित्र पाठवण्याची, सोय देते का, हे पाहावे, कारण ती सोय नसलेल्या पोर्टातून साधे यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर चित्र काढू शकत नाही. संगणकाला डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीला एचडीएमआय असेल तर मिळणारी केबल बहुधा एकाच दिशेने चालते, म्हणून खरेदी करताना ‘संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट, टीव्हीकडे एचडीएमआय’ असे दुकानदाराला स्पष्ट सांगावे.

पंधरा पिनांचे व्हीजीए पोर्ट आता मागे पडले आहे, तरी जुन्या एचडी रेडी टीव्हीच्या मालकांनी ते एकदा वापरून पाहावे. असे अनेक टीव्ही व्हीजीएमधून १३६० × ७६८ चा संकेत घेऊन तो पिक्सेलला पिक्सेल लावून दाखवतात, तर एचडीएमआयमधून आलेले चित्र मात्र ताणतात किंवा आक्रसतात. माझ्या टीव्हीवर हाच अनुभव आला: नवी केबल काढून कपाटातली जुनी निळी केबल लावली आणि ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ पुन्हा वेगळे झाले. व्हीजीएमधून आवाज जात नाही. त्यासाठी हेडफोनच्या खाचेतून टीव्हीच्या ऑडिओ-इनमध्ये वेगळी तार घ्यावी किंवा संगणकाला स्पीकर लावावेत.

फोर-के टीव्ही असेल तर केबलच्या क्षमतेकडे लक्ष द्यावे लागते. एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती २००९ साली आली आणि ती फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकते. ६० वेळा पाठवण्याची क्षमता २०१३ च्या २.० आवृत्तीपासून आली. तीसवर माउसचा बाण पडद्यावर उड्या मारत सरकतो आणि पान वर-खाली करताना डोळे शिणतात. ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे लेबल असलेली दोन-तीन मीटरची केबल ६० साठी पुरेशी आहे. फार महागड्या, सोन्याचा मुलामा सांगणाऱ्या केबलने अक्षर अधिक स्वच्छ होत नाही; संकेत अंकीय असल्यामुळे तो नीट पोचतो किंवा मग चित्रात ठिपके चमकतात, मध्येच काळोख होतो. पाच मीटरच्या पलीकडे साधी केबल फोर-केला दगा देऊ लागते, म्हणून संगणकच टीव्हीजवळ आणावा आणि कीबोर्ड बिनतारी घ्यावा.

आता एक सावधगिरी, जी मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि गावाकडच्या कितीतरी घरांत प्लगला तिसरी पिन असते, पण भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग मिळालेले नसते. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर अर्थिंगच्या तारेला जोडलेले असतात. ती तार कुठेच पोचत नसेल तर संगणकाच्या धातूच्या पेटीवर मुख्य विजेच्या जवळपास निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, येऊन बसतो. प्रवाह अतिशय क्षीण असल्यामुळे हाताला फक्त मुंग्या येतात. परंतु टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची तार लावलेली असते, ती बाहेर कुठेतरी जमिनीला टेकलेली असते, आणि आपण एचडीएमआय केबल खोचतो त्या क्षणी हा साठलेला दाब पोर्टातल्या नाजूक भागांतून वाट काढू शकतो. चालू उपकरणांत केबल खोचताना पोर्ट जळण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून दोन्ही उपकरणे भिंतीवरच्या बटणापासून बंद करावीत, सेट-टॉप बॉक्सकडून आलेली तार काढावी, मग एचडीएमआय केबल दोन्ही टोकांना नीट बसवावी आणि त्यानंतरच वीज सुरू करावी. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर टीव्ही जोडण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे.

संगणकाच्या बाजूने

टीव्हीच्या रिमोटवरचे ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबून ज्या पोर्टाला केबल लावली ते निवडावे. लॅपटॉप असेल तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबावी. चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते, पण ते दोघांनाही झेपेल अशा एकाच रिझोल्यूशनमध्ये, आणि मग लॅपटॉपच्या छोट्या पडद्याचे रिझोल्यूशन टीव्हीवर ताणले जाते. टीव्हीवर मन लावून काम करायचे असेल तर ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे, आणि दोन्ही पडदे स्वतंत्र हवे असतील तर ‘एक्स्टेंड’.

त्यानंतर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ आणि ‘डिस्प्ले’ येथे जाऊन टीव्हीचा पडदा निवडावा आणि रिझोल्यूशन पॅनेलच्या खऱ्या आकड्याएवढे करावे. विंडोज ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिते तो बहुतेक वेळा बरोबर असतो, पण वर सांगितलेल्या ‘सपोर्ट’वाल्या टीव्हीच्या बाबतीत टीव्हीच संगणकाला चुकीचा आकडा कळवतो, तिथे आपण हाताने १३६६ × ७६८ किंवा १३६० × ७६८ निवडून पाहावे.

अक्षरे लहान वाटली तर रिझोल्यूशन कमी करण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी त्याच ‘डिस्प्ले’ पानावरचे ‘स्केल’, म्हणजे अक्षरे आणि चिन्हे किती टक्के मोठी दाखवायची तो आकडा, वाढवावे. त्रेचाळीस इंची फोर-केवर १२५ किंवा १५० टक्के बहुतेकांना सोयीचे पडते. रिझोल्यूशन तेच ठेवून स्केल वाढवले की त्याच अक्षरासाठी अधिक पिक्सेल खर्च होतात आणि जोडाक्षरे सुटी, डौलदार दिसतात. ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे, आहे ना, हेही पाहावे. तिथे फोर-केपुढे फक्त ३० दिसत असेल तर केबल, अडॅप्टर किंवा टीव्हीची सेटिंग यांपैकी एक अडवत आहे. अनेक टीव्हींत एचडीएमआय पोर्ट पूर्ण क्षमतेने उघडण्यासाठी वेगळी सेटिंग असते. सॅमसंगमध्ये तिचे नाव ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ असे आढळते. काही टीव्हींत चारपैकी एक-दोन पोर्टांनाच ही क्षमता दिलेली असते. ते पोर्टाशेजारच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

मॅक संगणकावर हेच पर्याय सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्लेज’मध्ये सापडतात, काठ कापले जात असतील तर तिथेच चित्र लहान करून काठ आत आणणारी ‘अंडरस्कॅन’ची पट्टीही येते.

टीव्हीच्या बाजूने

या भागाला सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण अक्षराचे भवितव्य येथेच ठरते.

पहिला दोष काठ कापले जाण्याचा. टास्कबारवरचे घड्याळ अर्धे दिसते, खिडकी बंद करण्याची फुली पडद्याबाहेर जाते. काचेच्या नळीच्या काळात चित्राच्या कडा वाकड्या आणि अस्थिर असत, त्या झाकण्यासाठी चित्र थोडे मोठे करून दाखवण्याची पद्धत पडली. सपाट पडद्यांना तिची गरज उरली नाही, पण सवय उरली. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पाच टक्के ओव्हरस्कॅन असेल तर १९२० पैकी मधले १८२४ पिक्सेलच घेतले जातात आणि ते ताणून १९२० जागा भरल्या जातात. म्हणजे काठ तर जातातच, शिवाय पडद्यावरचे प्रत्येक अक्षर ताणलेले असते. पुसटपणाचे सर्वांत मोठे कारण हेच असते.

उपाय टीव्हीतच करावा. पिक्चर सेटिंग्जमध्ये चित्राच्या आकाराचा पर्याय शोधावा: सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टु स्क्रीन’, एलजीमध्ये ‘जस्ट स्कॅन’, सोनीमध्ये ‘फुल पिक्सेल’, काही ठिकाणी ‘डॉट बाय डॉट’ किंवा ‘वन टु वन’. ‘सिक्स्टीन बाय नाइन’ हा पर्याय बरोबर वाटतो, पण तोच पुष्कळदा काठ कापतो. ग्राफिक्स कार्डाच्या प्रणालीतूनही चित्र आक्रसून काठ पडद्यात आणता येतात, मात्र त्यात चित्र आधी संगणक लहान करतो आणि मग टीव्ही मोठे करतो. घड्याळ पूर्ण दिसते, अक्षर दुप्पट बिघडते. टीव्हीत पर्यायच नसेल तरच तो मार्ग घ्यावा.

दुसरी गोष्ट इनपुटच्या नावाची, आणि ही फार थोड्यांना माहीत असते. चित्रपट पाठवताना जागा वाचवण्यासाठी उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती दोन किंवा चार पिक्सेलांत मिळून एकच ठेवतात. चेहरे आणि डोंगर पाहताना हे डोळ्याला कळत नाही. रंगीत अक्षरांत मात्र लगेच कळते. अनेक टीव्ही संगणकाकडून पूर्ण रंग आले तरी आत ते असेच विरळ करून टाकतात. इनपुटच्या यादीत जाऊन त्या पोर्टाचे नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ केले की सॅमसंग आणि एलजीचे पुष्कळ टीव्ही ही काटछाट थांबवतात. सोनीमध्ये ‘ग्राफिक्स’ नावाचा पिक्चर मोड आहे. पडताळणी सोपी आहे: काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘ळ’ आणि ‘क्ष’ लिहावेत. ‘ळ’च्या दोन्ही गाठींतली पोकळी काळी आणि मोकळी दिसली तर रंग पूर्ण येत आहेत; पोकळीत लालसर धूर भरलेला दिसला तर काटछाट चालू आहे.

तिसरी गोष्ट शार्पनेस. नाव ऐकून ते वाढवावेसे वाटते, पण टीव्हीतले शार्पनेस काळ्या कडेशेजारी कृत्रिम पांढरी रेघ ओढून ठळकपणाचा भास निर्माण करते. पडद्याजवळ जाऊन एखादा शब्द पाहावा: शिरोरेषेच्या वर एक फिकट झालर दिसते आणि शिरोरेषेवर टेकलेला अनुस्वार त्या झालरीत अर्धा विरघळलेला असतो. बहुतेक टीव्हींत शार्पनेस शून्यावर आणले की ही झालर जाते. सोनीमध्ये मधला आकडा, ५०, हाच तटस्थ असतो आणि त्याखाली गेल्यास चित्र मुद्दाम मऊ केले जाते. आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा झालर दिसेनाशी होते तिथे थांबावे.

याचबरोबर ‘नॉइज रिडक्शन’, ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग पूर्ण बंद करावी. ‘व्हिव्हिड’ मोड कधीही ठेवू नये. टीव्हीत ‘गेम’ मोड असेल तर तो चालू करावा. तो खेळणाऱ्यांसाठी म्हणून दिलेला असला तरी त्याचा उपयोग टंकलेखनालाही होतो. चित्र सुधारण्यात टीव्ही वेळ घालवतो, आणि साध्या मोडमध्ये हा विलंब पन्नास ते शंभर मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. कळ दाबल्यावर अक्षर क्षणभर उशिरा उमटते, माउस जड वाटतो, आणि दिवसाच्या शेवटी थकवा कशाचा आला हे उमगत नाही. गेम किंवा पीसी मोडमध्ये हा विलंब खूप कमी होतो.

काळा रंग राखाडी वाटत असेल, किंवा उलट गडद भागांतला तपशील काळोखात बुडत असेल, तर संगणक आणि टीव्ही यांच्यात उजेडाच्या मर्यादेबाबत मेळ नाही असे समजावे. संगणक ० ते २५५ ही पूर्ण श्रेणी वापरतो, टीव्हीची परंपरागत श्रेणी १६ ते २३५ अशी आहे. ग्राफिक्स प्रणालीत ‘फुल’ आणि टीव्हीत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ त्याला जुळेल असा ठेवावा. दोन्हीकडे एकच श्रेणी असणे महत्त्वाचे.

एवढे झाल्यावर एक कसोटी घ्यावी. विंडोजचे स्केल तात्पुरते १०० टक्के करावे, पेंट उघडून चित्र मोठे करून शिफ्ट दाबून एक पिक्सेल जाडीच्या दहा-बारा उभ्या काळ्या रेघा ओढाव्यात, प्रत्येक दोन रेघांत एक पिक्सेल मोकळा सोडावा, आणि मग झूम १०० टक्क्यांवर आणावे. सगळ्या रेघा सारख्या काळ्या आणि सुट्या दिसल्या तर टीव्ही पिक्सेलला पिक्सेल लावून दाखवत आहे. मधेमधे राखाडी पट्टे उमटले तर कुठेतरी अजून ताण किंवा आकस शिल्लक आहे. आकाराची सेटिंग आणि रिझोल्यूशन पुन्हा तपासावे. शेवटी विंडोजच्या शोधपट्टीत ‘क्लिअरटाइप’ (अक्षरांच्या कडा पडद्याला जुळवून घेणारी विंडोजची सोय) लिहून त्याची पाच नमुन्यांची परीक्षा द्यावी. काही टीव्हींच्या पॅनेलमध्ये लाल-हिरवा-निळा हा क्रम उलटा असतो आणि त्यामुळे अक्षराच्या कडेला रंगीत छटा दिसते. योग्य नमुना निवडल्याने ती बरीच कमी होते. नमुने रोमन लिपीत असतात, म्हणून नंतर मंगल किंवा निर्मला यूआय या फॉन्टमध्ये आपला एखादा परिच्छेद उघडून ‘दऱ्या’, ‘घट’ आणि ‘धट’, ‘भाग’ आणि ‘माग’ अशा जोड्या दुरून वाचून पाहाव्यात.

आवाज, उजेड आणि बैठक

आवाज टीव्हीतून येत नसेल तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचे नाव निवडावे. संगणक झोपला तरी टीव्ही बहुधा झोपत नाही. तो ‘नो सिग्नल’ दाखवत राहतो, म्हणून काम संपल्यावर रिमोटने बंद करण्याची सवय लावावी. उलट, कोणी रिमोट हाताळत नाही असे पाहून काही टीव्ही चार तासांनी आपोआप बंद होतात. ही सेटिंग वीजबचतीच्या यादीत सापडते.

टीव्हीचा उजेड पाच-सहा फुटांवरून पाहण्यासाठी ठरवलेला असतो. हातभर अंतरावर तो डोळ्यांना खुपतो. ‘बॅकलाइट’ निम्म्याहून खाली आणावा, रंगछटा ‘वॉर्म’कडे न्यावी, आणि शेजारी कोरा पांढरा कागद धरून पडद्यावरचा पांढरा त्याच्याहून फार झगझगीत नाही ना, हे पाहावे. भिंतीवर उंच टांगलेल्या टीव्हीकडे मान वर करून तासन्‌तास काम करू नये. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, आणि मोठ्या पडद्यावर चालू काम मधल्या भागात ठेवून कडेला फक्त संदर्भाच्या खिडक्या लावाव्यात. टेबल भिंतीपासून फूटभर पुढे ओढून टीव्ही भिंतीलगतच्या ठेंगण्या स्टँडवर ठेवला तर अंतर आणि उंची दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

ओलेड टीव्ही, म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो असा टीव्ही, असेल तर अधिक जपावे लागते. एकच चित्र एकाच जागी महिनोन्‌महिने राहिले तर त्याचा ठसा कायमचा उमटू शकतो, आणि टास्कबार नेमका असाच एका जागी बसून असतो. तो आपोआप लपेल अशी सेटिंग करावी, उजेड कमी ठेवावा, पार्श्वभूमी गडद ठेवावी, आणि पाच मिनिटांत पडदा काळा होईल अशी वेळ लावावी. दिवसभर मजकुराचेच काम असेल तर ओलेडपेक्षा साधा एलईडी टीव्ही या कामाला बरा.

केबलशिवाय जोडण्यासाठी विंडोजची कळ आणि के दाबली की मिराकास्टची सोय असलेले टीव्ही यादीत दिसतात. छायाचित्रे किंवा चित्रपट दाखवायला हे उत्तम आहे, पण चित्र दाबून पाठवले जात असल्यामुळे अक्षरे मऊ होतात आणि माउस मागून येतो. लेखनासाठी केबलच ठेवावी.

टीव्ही प्रत्येक पोर्टासाठी सेटिंग्ज वेगळ्या जपतो, आणि केबल दुसऱ्या पोर्टात गेली किंवा टीव्हीची प्रणाली अद्ययावत झाली की त्या पुष्कळदा मूळपदावर जातात. आता माझ्याकडे त्रेचाळीस इंची फोर-के टीव्ही आहे आणि त्याच्या पाठीवर मी एक कागद चिकटवून ठेवला आहे: पोर्ट तिसरे, इनपुटचे नाव पीसी, काठ न कापणारा आकार, शार्पनेस शून्य, ६० हर्ट्झ, स्केल १५०. घरात कोणी सेट-टॉप बॉक्स काढून पुन्हा लावला, की मी आधी तो कागद वाचते आणि मगच पाने तपासायला घेते.